हजेरीखालची सही

२९ सप्टेंबर २००८, सोमवार

निवडून आलो! ईलिंगच्या सेंट ऑल्डम्स कॉलेजच्या स्टुडंट कौन्सिलचा पहिला प्रेसिडेंट: पुष्कर देशकर, मूळ मुक्काम नागपूर.

निवडून आलो म्हणजे, इथे खोटं कशाला लिहू, माझ्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं. पण बिनविरोध हेही निवडून येणंच. नागपूरला सी.आर.च्या निवडणुकीत अकरा मतांनी पडलो होतो, तेव्हा आठवडाभर कँटीनमध्ये तोंड दाखवलं नव्हतं. त्या अकरा जणांना आज इथे आणून उभं करायला हवं होतं.

ही डायरी प्रिन्सिपल मिस्टर प्रेंटिस यांनी स्वतःच्या हाताने दिली. निळं कव्हर, वर सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव. म्हणाले, "मिस्टर प्रेसिडेंट, पुढारी माणसाने नोंदी ठेवायला हव्यात." मला आजवर कुणी मिस्टरसुद्धा म्हटलं नव्हतं. तेव्हा रोज लिहिणार. रोज नाही जमलं तर काही घडेल तेव्हा तरी लिहीनच.

पुण्याची गिरिजा आमच्याच बिझनेस डिप्लोमाला आहे. तिला मी सेक्रेटरी केलंय. ती म्हणाली, "करायचं काय असतं सेक्रेटरीने?" मी म्हटलं, मी सांगेन ते. ती हसली नाही.

रात्री बाबांना फोन केला. कॉलेजच्या दारावरच्या पितळी पाटीचं कौतुक सांगितलं. खाली गालिच्यांचं दुकान आहे ते सांगायचं राहिलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कामाचा धडाका. नोटीस बोर्ड लावला. गनर्सबरी पार्कात दर रविवारी फुटबॉल ठरवलं. 'विद्यार्थ्यांचा आवाज' म्हणून सूचनापेटी ठेवली. पेटीत पाच चिठ्ठ्या निघाल्या, पाचही जणांची एकच तक्रार: मार्केटिंगचे सर दोन आठवडे आले नाहीत. मी त्या मिस्टर प्रेंटिसकडे नेल्या. त्यांनी सगळ्या नीट वाचल्या, घडी घातल्या आणि खिशात टाकल्या. म्हणाले, "यालाच मी लीडरशिप म्हणतो."

मार्केटिंगचे सर अजून आलेले नाहीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज प्रेसिडेंट म्हणून पहिला खरा निर्णय घेतला आणि तो सगळ्यांना आवडला.

माझा रूममेट सुयश साउथहॉलच्या सुपरमार्केटात सकाळची शिफ्ट करतो. नेमकं तेव्हाच लेक्चर. असे निम्मे लोक आहेत. इकडचा नियम असा की हजेरी घसरली की कॉलेजने वर कळवायचं, मग व्हिसावर गदा. सुयश काल खिचडी खाता खाता म्हणाला, "तू प्रेसिडेंट झाला ना बे? मग आमचं काही करशील की नुसता फोटोच काढून राहिला?"

आता नागपूरला चार वर्षं आम्ही काय केलं? प्रॉक्सी! मी एकटा तीन आवाजांत 'येस सर' म्हणायचो. सरांना कळायचं, आम्हालाही कळायचं की त्यांना कळतं. मित्रासाठी तेवढंही करायचं नाही तर कॉलेजात जायचं कशाला? इथे आवाजाचीही भानगड नाही, यादीत नावापुढे नुसती बरोबरची खूण करायची. मी ऑफिसातल्या सीमा मॅडमना भीतभीत विचारलं. त्या वेम्ब्लीत जन्मलेल्या, पण आई-वडील मुंबईचे, म्हणून माझ्याशी हट्टाने मोडकंतोडकं मराठी बोलतात. म्हणाल्या, "घाबरते कशाला? तू आपली माणूस आहे. मी सरला विचारतो."

आणि प्रिन्सिपलनी चक्क नवी पद्धतच काढली! यापुढे हजेरी शिक्षकांनी नाही, विद्यार्थ्यांनीच भरायची. दर शुक्रवारी प्रत्येक पानाखाली 'तपासले: प्रेसिडेंट, स्टुडंट कौन्सिल' असं असेल आणि तिथे माझी सही. विद्यार्थ्यांवर इतका विश्वास टाकणारा प्रिन्सिपल आमच्याकडे जन्मात भेटला नसता.

गिरिजा म्हणाली, "माझी हजेरी कुणी भरायची नाही. मी आले तर मी भरेन." बरं बाई, भर.

२ नोव्हेंबर, रविवार

काल दिवाळीचा कार्यक्रम. चर्चचा हॉल घेतला होता. मी भाषण केलं, सीमा मॅडमनी चकल्या आणल्या, मिस्टर प्रेंटिस चक्क झब्बा घालून आले. दोनशे पत्रकं वाटली होती, एकतीस माणसं आली. मी गिरिजाला म्हटलं, आपल्या लोकांना सार्वजनिक कामाची हौसच नाही. ती म्हणाली, "लोक असतील तर येतील ना."

कॉलेजच्या वेबसाइटवर माझा फोटो झळकला. खाली लिहिलंय: 'पुष्कर देशकर, विद्यार्थी हजेरीचे प्रमुख'. हे पद मला ठाऊक नव्हतं, पण वाईट नाही. लिंक रचनाला पाठवली. धाकट्या बहिणीवर इम्प्रेशन मारायची संधी कोण सोडेल? तिचं लगेच उत्तर: 'दादा, टाय वाकडा आहे.'

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गिरिजाशी वाजलं.

सह्या करत बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पुष्कर, कॉलेजात खुर्च्या किती आहेत?" मी म्हटलं, मोजल्या नाहीत. "मी मोजल्यात. तिन्ही वर्गांत मिळून बावन्न. आणि तुझ्या यादीत नावं किती?" मी पाहिलं. दोनशे चौदा. मी म्हटलं, वेगवेगळ्या बॅचेस असतात. ती म्हणाली, "कुठल्या? मी रोज नऊ ते पाच इथे असते. मला तर त्याच वीस-पंचवीस जणांचे चेहरे दिसतात."

तिने एक वही काढून दाखवली. तारीख, तास, शिक्षक आले की नाही, वर्गात माणसं किती. पहिल्या दिवसापासून टिपतेय. हे काय वागणं झालं? मला तर ती माझ्यावरच पाळत ठेवते आहे असं वाटलं. मी स्पष्टच म्हटलं, "तुला प्रेसिडेंट व्हायचं होतं, तर उभी राहायचंस."

ती म्हणाली, "मला डिप्लोमा हवाय, पुष्कर." आणि सेक्रेटरीपदाचा राजीनामा टेबलावर ठेवून गेली. राजीनाम्यावर तारीख, वेळ, सही, सगळं टापटीप. मला राग आला आणि वाईटही वाटलं. वाईट जास्त वाटलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. सीमा मॅडमनी कोऱ्या हजेरीपत्रकांचा गठ्ठा समोर ठेवला. जानेवारी ते मार्च. "तू बिझी माणूस. एकदाच साइन करून टाक, मग दर फ्रायडेला त्रास नको."

पेन हातात धरून मी क्षणभर थांबलो, कारण बाबा आठवले. बाबा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. सही करण्याआधी प्रत्येक ओळीखाली बोट फिरवून कागद वाचायचे. बाहेर रांग वाढायची, लोक नावं ठेवायचे, साहेब ओरडायचे, तरी बोट आपलं सरकतंय. मी आणि रचना घरी त्यांची नक्कल करायचो.

मला एकदम हसू आलं. मॅडमनी विचारलं, "काय झाली?" मी म्हटलं, काही नाही, आणि भराभर सह्या करून टाकल्या. शेवटी हात दुखला. मॅडमनी खास आल्याचा चहा केला.

९ जानेवारी २००९, शुक्रवार

दोन बातम्या. आधी चांगली: रचना येतेय! मिस्टर प्रेंटिसनी तिच्या प्रवेशाचं पत्र माझ्या हातात दिलं. जानेवारीच्या बॅचला नाव घातलं, व्हिसा येईल तेव्हा येऊन दाखल होईल. मार्चअखेर विद्यार्थी व्हिसाचे नियम बदलणार आहेत, त्याआधी आणा म्हणाले. कॉलेजलाही नवं लायसन्स लागणार आहे, त्यासाठी सरकारी माणसं येऊन कागद बघतील. "आणि ते कागद तुमच्यामुळे अगदी व्यवस्थित आहेत, मिस्टर प्रेसिडेंट."

बाबांना पटवायला मात्र तीन फोन लागले. रचनाला वर्ध्याच्या सरकारी कॉलेजात ग्रंथपालाची नेमणूक मिळतेय. ती सोडून यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. पुन्हा पुन्हा एकच: "कॉलेज चांगलं आहे ना? तू स्वतः बघितलंस ना सगळं?" शेवटी मी म्हटलं, "अहो बाबा, मी तिथला प्रेसिडेंट आहे! माझ्या सहीशिवाय तिथे पान हलत नाही." मग ते हो म्हणाले. रचना मागून ओरडली, "दादा, मी येतेय!"

दुसरी बातमी, गिरिजा गेली. ब्रिस्टलच्या एका कॉलेजात बदली करून घेतली. जाताना भेटलीही नाही, फक्त मेसेज: 'कोऱ्या पानांवर सही केलीस असं सुयशकडून कळलं. परत माग.' मागणार होतो. पण सीमा मॅडमना काय वाटेल? इतकी माया करणाऱ्या बाईवर अविश्वास कसा दाखवायचा?

२ फेब्रुवारी, सोमवार

काय बर्फ! असला बर्फ गेल्या अठरा वर्षांत पडला नाही म्हणतात. लंडनच्या सगळ्या बसेस बंद, ट्यूबही जवळजवळ बंद. कॉलेजला कुलूप. सीमा मॅडमचा सकाळीच मेसेज: 'टुडे क्लोज्ड, एन्जॉय.' मी आणि सुयश पार्कात गेलो आणि बर्फाचा माणूस केला. सुयशने त्याला आपली माकडटोपी घातली. फोटो काढून रचनाला पाठवला. ती नागपुरात उन्हात वाळवणाच्या चादरीवर बसली होती म्हणे, तिला खरंच वाटेना. व्हिसाचा अजून पत्ता नाही, बिचारी रोज पोस्टमनची वाट बघतेय.

बऱ्याच महिन्यांनी निव्वळ आनंदाचा दिवस.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रचनाचा व्हिसा आला! वीस मार्चचं विमान. वर्ध्याला नकार कळवून टाकला. आईने आत्ताच लाडू करायला घेतले आहेत.

आनंदात कॉलेजला गेलो तर पितळी पाटी नव्हती. दारावर स्क्रूची चार भोकं. सीमा मॅडम म्हणाल्या, पॉलिशला दिलीय. त्या आत बसूनही कोट घालून होत्या, हीटिंग बिघडलंय म्हणे. त्यांच्या टेबलावरची मनी प्लांटची कुंडी दिसली नाही, मुलांचा फोटोही नव्हता. कॉम्प्युटर लॅबमध्ये आठातले तीनच कॉम्प्युटर. बाकीचे अपग्रेडला गेले.

म्हणजे लायसन्ससाठी कॉलेज चकाचक करताहेत. मी बोर्डावर नोटीस लावली: 'थोडी गैरसोय होईल, सहकार्य करा.'

समोरच्या बसस्टॉपवर एक माणूस उभा होता. बस आली, गेली, तो चढला नाही. छोट्या कॅमेऱ्याने आमच्या दाराचा फोटो घेतला. मग माझाही घेतला. वेबसाइटवरून ओळखलं असेल.

१७ मार्च, मंगळवार

सरकारी माणसं आली. लायसन्सची तपासणी म्हटल्यावर मी टाय नीट बांधून तयार होतो. पण ती चहापाण्याच्या मूडमध्ये नव्हती. मिस्टर प्रेंटिस सायप्रसला, भावाच्या आजारपणामुळे. सीमा मॅडमचा फोन बंद. ऑफिसात मी एकटा. त्यांनी विचारलं, "इथे जबाबदार कोण?" मी म्हटलं, प्रेसिडेंट मी आहे.

सगळी हजेरीपत्रकं खोक्यांत भरून नेली. मला एका कागदावर माझी सही करून दाखवायला सांगितलं. केली. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तो कागदही खोक्यात ठेवला.

सुयशला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. "पुष्क्या, रचनाला थांबव." मी म्हटलं, वेडा आहेस का? हातातली नोकरी नाकारून बसलेली पोरगी, तिला काय सांगू? मिस्टर प्रेंटिस आले की सगळं सुरळीत होईल. त्यांना आठ फोन केले. आठव्यांदा तो नंबर अस्तित्वात नाही असं उत्तर आलं.

२१ मार्च, शनिवार

काल काय झालं ते लिहितो. 

हीथ्रोवर सकाळी सातलाच उभा होतो. 'स्टुडंट कौन्सिलतर्फे स्वागत' असा फलक केला होता. आठ वाजले, विमानातली माणसं सगळी बाहेर आली. नऊ, दहा. अकरा वाजता एक इमिग्रेशन अधिकारी बाई आल्या, फलक वाचला, माझं नाव विचारलं आणि आत घेऊन गेल्या.

त्यांनी टेबलावर हजेरीपत्रकांच्या झेरॉक्स मांडल्या. म्हणाल्या, "रचना देशकर म्हणते की ती आयुष्यात पहिल्यांदाच या देशात आली. पण या कागदांप्रमाणे ती बारा जानेवारीपासून तुमच्या कॉलेजात रोज हजर आहे. मग आत बसलीय ती कोण?"

मी पाहिलं. यादीत अगदी शेवटी तिचं नाव. दोन महिने, एकही खाडा नाही. प्रत्येक पानाखाली माझी सही, ऐटबाज, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

मग बाईंनी एक पान वेगळं काढलं. दोन फेब्रुवारी. "या दिवशी मी स्वतः घराबाहेर पडू शकले नव्हते," म्हणाल्या. त्या पानावर दोनशे चौदाच्या दोनशे चौदा हजर होते, आणि दोनशे पंधरावी रचना.

मी म्हटलं, सही माझी आहे, पण पानं कोरी होती. त्यांनी विचारलं, "पुरावा?" माझ्याकडे नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं, रागावून नाही. सोमवारी दहा वाजता निर्णय होणार, तोवर रचना त्यांच्याच ताब्यात. एक तर रचना लबाडी करून दुसऱ्या कुणाच्या नावाने आली आहे, तसं ठरलं तर तिला परत पाठवतील आणि दहा वर्षं इथला व्हिसा नाही. पासपोर्टवर लबाडीचा शिक्का आयुष्यभराचा. नाहीतर हजेरी खोटी, मग ज्याने ती तपासली म्हणून सह्या केल्या त्याने उत्तर द्यायचं. "मिस्टर देशकर, तारीखवार काही नोंद असली तर घेऊन या."

पाच मिनिटं रचनाला भेटू दिलं. ती रडून सुजली होती, तरी मला बघून हसली. म्हणाली, "दादा, त्यांना सांग ना तू प्रेसिडेंट आहेस. तुझं ऐकतील." मांडीवर लाडवांचा डबा होता. झाकण उघडून तपासलेलं दिसत होतं.

२२ मार्च, रविवार

रात्रभर झोप नाही. मिस्टर प्रेंटिसवर चिडून झालं, सीमा मॅडमवर चिडून झालं. 'आपली माणूस' म्हणायची ती. पण पेन त्यांनी माझ्या हातात कोंबलं नव्हतं. प्रॉक्सीची कल्पना माझी. बाबांना थापा मारल्या त्या मी.

सकाळी गिरिजाला ब्रिस्टलला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. सगळं ऐकून घेतलं. 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हणाली नाही, त्यानेच मला जास्त रडू आलं. तिची वही डिसेंबरपर्यंतचीच आहे. ती पोस्टाने पाठवतेय, पण रचनाचं नाव जानेवारीपासूनचं, त्यामुळे वही आली तरी भागणार नाही. मग तिने विचारलं, "ती निळी डायरी लिहितोस का अजून?"

"लिहितो."

"खरं लिहिलंयस?"

मी डायरी उघडून पहिल्यापासून वाचली. दुपार झाली. मिरवलंय भरपूर, पण खोटं काही लिहिलेलं नाही. सतरा ऑक्टोबरची प्रॉक्सी आहे. बारा डिसेंबरची कोरी पानं आहेत. दोन फेब्रुवारीला कॉलेजला कुलूप आहे आणि रचना नागपुरात पोस्टमनची वाट बघते आहे. ती लबाड नाही हे सांगणारा एवढाच कागद जगात आहे, आणि तो मला सरळ खड्ड्यात घालणारा आहे. मी किती मूर्ख आहे हे परक्या माणसांना आधीच कळलं होतं, मला आज वाचता वाचता कळलं.

सुयश म्हणाला, "फाडून टाक. रचना परत गेली तर जाईल, तू तर राहशील." तो माझ्या भल्याचंच बोलत होता. त्याचंही नाव डायरीत आहे. मी म्हटलं, तुझं नाव खोडू का? त्याने डायरी हातात घेऊन चाळली. मग म्हणाला, "राहू दे बे. खोडलेलं दिसलं तर बाकीचंही मानणार नाहीत."

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, गालिच्यांच्या दुकानापासून. त्यांनी रचना कुठे आहे ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "पोरीला आधी सोडव. तुझं मग बघू." मागे आई रडत होती.

डायरी मराठीत आहे. वाचायला दुभाष्या आणतील. तो जो कोणी असेल त्याला एवढंच सांगणं: रचनाचा यात काही दोष नाही. सहीत रेघेखाली दोन टिंबं आहेत ती माझीच, मी नाकारणार नाही.

उद्या दहाला ही त्यांच्या हातात देतो. आता पुन्हा पहिल्या पानापासून एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचतो, आणि मग खाली सही करतो.

पुष्कर देशकर